चौक भरला, पण पुढे?

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा निनाद कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या घराजवळ महापालिकेची एक अभ्यासिका आहे. खरे तर 'होती' म्हणायला हवे. दोन खोल्या, लांब लाकडी बाके, डोक्यावर कुरकुरणारे पंखे आणि दाराशी चपलांचा ढीग. चाळीतल्या एका खोलीत पाचजण राहणाऱ्या घरांतल्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत तेवढाच आधार. दीड वर्षापूर्वी तिथे कुलूप लागले आणि कुलपाशेजारी 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आली. मधल्या पावसाळ्यात पाटी गळून पडली. कुलूप राहिले.

निनादने एके दिवशी त्या कुलपासमोर उभे राहून मोबाइलवर दीड मिनिटाची फीत काढली आणि समाजमाध्यमांवर टाकली. दाराबाहेर जिन्यावर बसून वाचणारी दोन मुले, आतली धूळ खात पडलेली बाके आणि शेवटी निनादचा प्रश्न: आम्ही अभ्यास कुठे करायचा? आठवडाभरात बेचाळीस हजार लोकांनी ती पाहिली. घरात आधी कौतुक झाले, मग धास्ती शिरली. कारण तिथल्या एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा 'मुलाला जरा समजावा' असा निरोप आला. वहिनीने मला फोन केला, "भाऊजी, तुम्हीच सांगा त्याला. परीक्षा तोंडावर आली आहे, नसत्या भानगडी कशाला?"

मी रविवारी गेलो. निनाद रागावलेला नव्हता, खट्टू झालेला होता. म्हणाला, "काका, बेचाळीस हजार लोकांनी बघितलं. चार हजारांनी पुढे पाठवलं. आणि कुलूप आहे तसंच आहे." आमचे वडील, पंच्याऐंशी वर्षांचे नाना, कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता एकच शब्द उच्चारला, "मग?"

त्या 'मग?'ने मला गेला महिनाभर सोडलेले नाही. कारण हा प्रश्न एकट्या निनादचा नाही. गेल्या पंधरा वर्षांत जगातल्या अनेक शहरांतल्या, निनादपेक्षा फार मोठ्या नसलेल्या मुलामुलींना तो पडला आहे, आणि त्यांतल्या काहींनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. त्यांतली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट इजिप्तची आहे. ती मुळातून सांगायला हवी. कारण आपल्याकडे तिचा पहिला अर्धा भागच सांगितला जातो.

वाएल घोनिम हा कैरोत जन्मलेला संगणक अभियंता. २०१० मध्ये तो तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि दुबईत गुगल कंपनीत चांगल्या हुद्द्यावर नोकरी करत होता. बायको, मुले, घर, पगार. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर 'सेटल' झालेला मुलगा. त्या वर्षीच्या जून महिन्यात फेसबुकवर त्याने एक छायाचित्र पाहिले. अलेक्झांड्रियातल्या खालेद सईद नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला ६ जूनला साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी एका इंटरनेट कॅफेतून ओढून काढले आणि मरेपर्यंत मारले. पोलिसांचे म्हणणे असे की अमली पदार्थाची पुडी गिळल्यामुळे त्याचा श्वास कोंडला. पण त्याच्या चेंदामेंदा झालेल्या चेहऱ्याचा फोटो कुटुंबाने बाहेर आणला आणि त्या फोटोपुढे सरकारी खुलाशाला काही किंमत उरली नाही.

घोनिमने नाव न सांगता फेसबुकवर एक पान सुरू केले. त्याचे नाव 'आम्ही सारे खालेद सईद'. या नावातच सगळे आले. खालेद हा पुढारी नव्हता, कुठल्या पक्षाचा नव्हता. तो कुणाच्याही घरातला मुलगा असू शकत होता. घोनिमने मजकूर लिहिला तो पुस्तकी अरबीत नव्हे, तर कैरोच्या रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या भाषेत, आणि तोही जणू खालेदच बोलतो आहे अशा थाटात. तीन दिवसांत लाखावर लोक पानाला येऊन मिळाले.

पुढे काय करायचे, हे तो वाचकांनाच विचारी. त्यातून एक विलक्षण कल्पना निघाली. काळे कपडे घालायचे आणि अलेक्झांड्रियात समुद्रकाठच्या रस्त्यावर एकमेकांपासून अंतर राखून उभे राहायचे, पाठ शहराकडे, तोंड समुद्राकडे. घोषणा नाहीत, फलक नाहीत. हातात कुराण किंवा बायबल. नाहीतर नुसतेच उभे राहायचे. इजिप्तमध्ये तेव्हा होस्नी मुबारक यांची राजवट सुरू होऊन तीस वर्षे होत आली होती आणि तेवढाच काळ आणीबाणीचा कायदा लागू होता. पाच माणसे एकत्र आली तर गुन्हा. पण समुद्राकडे बघत एकटाच उभा असलेला माणूस कोणता गुन्हा करतो? ज्यांनी जन्मात कधी मोर्चा पाहिला नव्हता अशी मुले-मुली पहिल्यांदा घराबाहेर पडली. घरात बसून संताप वाटणे आणि रस्त्यावर येऊन उभे राहणे यांमधली जी एक पायरी असते, ती त्या पानाने बांधली.

२०११ च्या जानेवारीत ट्युनिशियाचा हुकूमशहा देश सोडून पळाला. इजिप्तमध्ये २५ जानेवारी हा पोलीस दिन, सरकारी सुट्टीचा दिवस. पोलिसांच्या जुलमाविरुद्ध उठायला याहून चांगला मुहूर्त कोणता? घोनिमने त्या पानावरून हाक दिली. काही दिवस आधी अस्मा महफूझ या पंचवीस वर्षांच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या नावाचेहऱ्यानिशी सांगितले की मी जाणार आहे, तुम्हीही या. ती फीत घराघरांत पोचली. पंचविसाला माणसे आली ती हजारोंनी. अठरा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले. त्या अठरा दिवसांतले अकरा दिवस घोनिम डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत कोठडीत होता. सुटल्यावर त्याला दूरचित्रवाणीवर बोलावले आणि मेलेल्या मुलांचे फोटो दाखवले, तेव्हा तो ढसाढसा रडला आणि उठून निघून गेला. थंडावू लागलेला तहरीर चौक दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडुंब भरला.

गोष्टीचा हा पहिला अर्धा भाग. तो ऐकून त्या वेळी सगळे जग हरखून गेले. 'फेसबुक क्रांती' असा शब्दच रूढ झाला. खुद्द घोनिम म्हणाला होता की समाजाला मुक्त करायचे असेल तर त्याला फक्त इंटरनेट द्या.

पण या पहिल्या भागातही काही तपशील असे आहेत की जे त्या हरखण्यात निसटून गेले. पहिला हा की २८ जानेवारीच्या पहाटेपासून सरकारने देशभरचे इंटरनेटच तोडले. ते परत आले २ फेब्रुवारीला. आणि त्याच २८ तारखेला, शुक्रवारच्या नमाजानंतर, रस्त्यावर सगळ्यांत मोठा लोंढा उतरला. पडदा काळा झाला तेव्हा काय चालले आहे ते पाहायला माणसे जिने उतरून खाली आली! दुसरा तपशील पंचवीस तारखेचा. आंदोलकांनी जमायची वीस ठिकाणे जाहीर केली होती. पोलीस अर्थातच तिथे हजर होते. एकविसावे ठिकाण मात्र कुठेच जाहीर केलेले नव्हते. ते होते गरीब कष्टकऱ्यांच्या एका वस्तीतले मिठाईचे दुकान. तिथल्या गल्लीबोळांतून कार्यकर्ते आधी हिंडले होते, माणसांशी बोलले होते. तिथून निघालेला मोर्चा पोलिसांच्या हिशेबात नव्हता, म्हणूनच तो चौकापर्यंत पोचला.

तिसरा तपशील त्याहून जुना. महल्ला या कापडगिरण्यांच्या गावात २००६ पासून कामगार संप करत होते. त्यांनी ६ एप्रिल २००८ ला पुकारलेल्या संपाला पाठिंबा म्हणून इसरा अब्देल फत्ताह आणि अहमद माहेर या तरुणांनी फेसबुकवर गट काढला. त्याला सत्तर हजार लोक मिळाले. म्हणजे आधी गिरणी, मग गट. आधी रस्ता, मग पडदा. ज्यांनी गिरणगाव पाहिले आहे त्यांना हा क्रम वेगळा समजावून सांगायला नको.

आता दुसरा अर्धा भाग. मुबारक गेले त्याच्या महिनाभरानंतर, १९ मार्चला घटनादुरुस्तीवर सार्वमत झाले. चौकातल्या बहुतेक तरुण गटांचे म्हणणे होते, 'नाही' म्हणा, घाई करू नका. ७७ टक्के लोकांनी 'हो' म्हटले. वर्षअखेरीला संसदेच्या निवडणुका सुरू झाल्या. मुस्लिम ब्रदरहुड ही १९२८ साली एका शाळामास्तराने स्थापन केलेली संघटना. तिचे दवाखाने, तिच्या मदत संस्था, तिचे मोहल्ल्यामोहल्ल्यांतले कार्यकर्ते यांच्या जोरावर जवळजवळ निम्म्या जागा तिच्या आघाडीने जिंकल्या. क्रांतीच्या नावाने उभ्या राहिलेल्या तरुणांच्या आघाडीला मिळाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. २०१२ मध्ये ब्रदरहुडचे मोर्सी अध्यक्ष झाले. ३ जुलै २०१३ ला लष्कराने त्यांना हटवले. पुढच्याच महिन्यात कैरोच्या रस्त्यांवर एका दिवसात शेकडो माणसे मारली गेली. त्यानंतर विनापरवाना निदर्शने हाच गुन्हा झाला आणि अहमद माहेरला त्यासाठी तीन वर्षांची शिक्षा झाली. २०१८ च्या एका कायद्याने तर समाजमाध्यमांवर पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेल्या व्यक्तीला वृत्तपत्रासारखे नियम लागू केले. ज्या खिडकीतून हवा आली तिलाच गज बसवले.

घोनिम देश सोडून गेला. दोन वर्षे जवळजवळ गप्प राहिला. २०१५ च्या अखेरीस एका भाषणात त्याने सगळ्यांसमोर कबूल केले की मी चुकलो होतो. ज्या साधनाने आम्हांला एकत्र आणले त्यानेच आम्हांला फोडले, असा त्याचा निष्कर्ष होता. अफवांना आवर घालता येत नाही. माणूस आपल्याच मताच्या लोकांत रमतो. वादाचे बघता बघता झुंडीत रूपांतर होते. एकदा मांडलेले मत मागे घेणे कठीण होते. आणि सगळी रचनाच अशी की समोरच्याशी बोलण्यापेक्षा त्याच्यावर ओरडणे सोपे जाते. तरुण वयात जगभर नाव झालेला माणूस आपली सर्वांत गाजलेली ओळ परत घेतो, हे मला त्याच्या सगळ्या कर्तबगारीत मोठे वाटते. आपल्याकडच्या पुढाऱ्यांत असे उदाहरण शोधायला गेले तर बराच वेळ लागेल.

मग हे सगळे फुकटच गेले का? मला तसे म्हणायचे नाही. फेसबुक नसते तर खालेद सईदचा फोटो अलेक्झांड्रियातच राहिला असता. ज्या भीतीने तीस वर्षे एक देश गप्प बसवला होता, ती भीती मोडायला ते पान कारणी लागले. पण भीती मोडणे हे एक काम आणि राज्य चालवणे हे दुसरे. पहिल्यासाठी गर्दी लागते. दुसऱ्यासाठी बैठका लागतात, तडजोडी लागतात, हिशेबाची वही लागते, मतदारयादी लागते. आणि ही कामे फीत काढून दाखवण्यासारखी नसतात.

हे लिहिताना नानांचा 'मग?' पुन्हा आठवला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात आली तेव्हा नाना पंधरा-सोळा वर्षांचे होते. चौकातल्या फळ्यावर खडूने सभेची वेळ आणि वक्त्यांची नावे लिहायचे काम त्यांच्याकडे होते. अक्षर चांगले होते म्हणून. आपल्याला वाटते की माध्यमांचे सामर्थ्य ही आजची गोष्ट. पण अत्र्यांचा 'मराठा' १९५६ च्या नोव्हेंबरात सुरू झाला तो एका चळवळीचे मुखपत्र म्हणूनच. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीने जे केले ते आजच्या कुठल्याही फितीला हेवा वाटावे असे. शिवाजी पार्क आणि चौपाटी भरवायला तेव्हाही माध्यम होतेच.

फरक पडतो तो त्या पुढच्या पायरीवर. त्या गर्दीच्या मागे एक समिती होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे तिच्यात एका टेबलाभोवती बसली. भांडली, रुसली, पण बसली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने उमेदवार उभे केले आणि पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधारी पक्षाला धूळ चारली. १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, तो हुतात्म्यांच्या रक्ताने मिळाला हे खरेच. पण त्या रक्ताचे राजकीय मोल वसूल करून घेणारी यंत्रणाही होती. नानांना मी विचारले, "तुम्ही फळा लिहायचात, मग पुढे काय करायचात?" ते म्हणाले, "फळा दहा मिनिटांत व्हायचा. मग घरोघर जायचं. सत्तावन साली मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. तीन जिने चढून गेलं की माणूस म्हणायचा, उद्या ये. उद्या परत जायचं." समितीही पुढे फुटली, ते सगळे रामायण आपल्याला ठाऊक आहे. पण फुटायच्या आधी तिने तिचे काम केले होते.

कोणी म्हणेल, तो काळ वेगळा होता. आजची मुले जिने चढणार नाहीत. त्यांच्यासाठी एक आजचेच उदाहरण देतो, तैवानचे. तिथे १८ मार्च २०१४ च्या रात्री विद्यार्थी संसद भवनात घुसले. चीनशी होऊ घातलेला एक व्यापार करार सरकारने नीट चर्चेविना पुढे रेटला, हा त्यांचा आक्षेप. चोवीस दिवस ते आत बसून होते. बाहेर आणि आत काय चालले आहे ते सगळ्यांना दिसावे म्हणून संगणक जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी तारा ओढून थेट प्रक्षेपण उभे केले. इथवर इजिप्तसारखेच. पण त्यानंतर या मुलांनी दोन गोष्टी केल्या. काहीजण राजकारणात गेले. २०१५ मध्ये निघालेल्या एका नव्या पक्षाने पुढच्या जानेवारीत संसदेच्या पाच जागा जिंकल्या. आणि काहींनी सरकारशी बोलायचे नवे मार्ग तयार केले. त्या स्वयंसेवकांत ऑड्री तांग यांचा समावेश होता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून संगणकाचे शिक्षण स्वतःच घेतलेल्या तांग यांना २०१६ मध्ये थेट मंत्रिमंडळात घेण्यात आले.

त्यांच्याकडच्या एका चर्चेची पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. उबर या टॅक्सीसेवेवरून २०१५ मध्ये तिथे वाद पेटला होता, जसा आपल्याकडेही रिक्षा-टॅक्सीवाल्यांशी पेटला. त्यांनी संगणकावर चर्चा ठेवली. त्यात कोणीही आपले म्हणणे एका वाक्यात मांडावे. इतरांनी त्यावर सहमत, असहमत किंवा पुढे, एवढेच सांगावे. उत्तर द्यायची सोयच नाही! उत्तर देता येत नाही म्हटल्यावर खेकसण्याची सोय राहत नाही. मग लोक दोन्ही बाजूंना पटेल असे वाक्य शोधू लागतात. विमा हवा, नोंदणी हवी, अशा मुद्द्यांवर भांडणारे गट एकत्र आले आणि त्यातून नियम तयार झाले. घोनिमला जी व्याधी दिसली तिच्यावरचे हे एक औषध. साधन तेच; रचना बदलली की माणसाचे वागणे बदलते.

तैवानमध्ये आणखी एक सोय आहे. सरकारी संकेतस्थळावर कोणीही मागणी मांडावी. साठ दिवसांत पाच हजार सह्या झाल्या की संबंधित खात्याला उत्तर द्यावेच लागते. २०१७ मध्ये टोपणनावाने एक मागणी आली, एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या भांड्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणा. सह्या झाल्या. अधिकाऱ्यांना वाटले की ही कोणी मुरलेली पर्यावरणवादी बाई असणार. भेटायला आली ती सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी दिलेला गृहपाठ तिने केला होता! १ जुलै २०१९ पासून तिथल्या सरकारी कार्यालयांत, शाळांत, मोठ्या दुकानांत आणि खाद्यपदार्थांच्या साखळी दुकानांत बसून खाणाऱ्यांना प्लास्टिकची नळी देणे बंद झाले.

नागरिकशास्त्राचा गृहपाठ! आपल्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली चार पाने. परीक्षेच्या आदल्या रात्री 'नगरसेवकाची पात्रता' पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मुलाला आपल्या प्रभागाचे कार्यालय कुठे आहे हे ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर वडिलांनाही नसते. गावात निदान वर्षातून चारदा ग्रामसभा भरते. तिथे कोणी बोलो न बोलो, ती भरवावी लागते. शहरांसाठी चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पुढे क्षेत्रसभेची तरतूदही राज्याच्या कायद्यात आली. पण आपल्या क्षेत्रसभेला जाऊन आलेला शहरी माणूस मला आजवर भेटलेला नाही. त्यावर कहर म्हणजे मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणुका व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षे कोट्यवधी माणसांच्या शहरांना एकही नगरसेवक नव्हता. निनादची अभ्यासिका याच काळात बंद झाली. तो तक्रार करणार कोणाकडे? त्याने ती हातातल्या मोबाइलकडे केली, यात त्याचे काय चुकले? दार बंद असले की माणूस खिडकीतून हाका मारतो.

म्हणूनच 'ही पिढी नुसती मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते' हे आपले नेहमीचे पालुपद मला आता बेइमानीचे वाटते. आपण त्यांना दुसरी कोणती जागा दाखवली? सोसायटीच्या सभेला आपण त्यांना नेत नाही. मतदानाच्या सुट्टीला जोडून आपण महाबळेश्वर गाठतो. आणि मुलगा काही बोलला की आपण दोनपैकी एक प्रतिक्रिया देतो. एक तर कौतुकाने नातेवाइकांना ती फीत पाठवतो, जणू तो गाण्याच्या स्पर्धेत पहिला आला आहे. नाहीतर घाबरून 'काढून टाक' म्हणतो.

ही भीती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरमध्ये फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिणाऱ्या एका मुलीला आणि त्या ओळी आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. ते वाचून महाराष्ट्रातल्या कितीतरी आयांनी आपल्या मुलांचे मोबाइल तपासले असतील. पण त्या गोष्टीचाही दुसरा अर्धा भाग आपण सांगत नाही. ते वाचून श्रेया सिंघल या एकवीस वर्षांच्या मुलीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ज्या ६६ अ कलमाखाली अशा अटका होत, ते कलम न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. समाजमाध्यमांवरच्या संतापाने ते कलम गेले नाही. कागदावर नीट लिहिलेल्या अर्जाने गेले. पण संताप झाला नसता तर तो अर्ज लिहायचे तरी कोणाला सुचले असते? दोन्ही हवे. आधी हाक, मग अर्ज.

त्या रविवारी मी निनादला 'समजावले' नाही. वहिनीला तेवढे म्हणालो, "त्याला एकट्याला राहू देऊ नकोस, म्हणजे भीती कमी होईल." मग आम्ही चहा घेत बेचाळीस हजारांतले आपल्या वस्तीतले किती, ते शोधत बसलो. सगळे मिळून साठ-सत्तर निघाले. निनादचा चेहरा उतरला. नाना म्हणाले, "साठ पुष्कळ झाले. आमच्या फळ्याखाली सुरुवातीला सहाजण असायचे."

त्या साठांपैकी अकराजण पुढच्या शनिवारी जमले. त्यांत दोन मुलींच्या आया होत्या. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचे ठरले. दहा रुपयांचे शुल्क आणि चार साधे प्रश्न: दुरुस्तीचे काम कोणाला दिले, किती रुपयांचे, मुदत कधीची, आणि आजवर किती पैसे दिले गेले. मजकुरावरून दोन तास वाद झाला. निनादला आधी तीन पाने शब्दांचे फटाके उडवायचे होते. एका मुलीच्या आईने, ती कोर्टात कारकून आहे, सगळे खोडून आठ ओळींवर आणले. घोनिमला मिळाली नाही ती जागा हीच, असे मला ते ऐकताना वाटून गेले. एका खोलीत बसून, एकमेकांची वाक्ये खोडत, सगळ्यांना सही करता येईल असा मजकूर तयार करणे. लोकशाही म्हणतात ती बहुधा एवढीच असते, आणि ती कंटाळवाणी असते.

तीस दिवसांच्या मुदतीत, अगदी अखेरच्या दिवशी उत्तर आले. काम आठ महिन्यांपूर्वीच पूर्ण झालेले आहे. बिलही दिले गेले आहे. अभ्यासिका खुली करण्याचा विषय 'विचाराधीन' आहे. म्हणजे आत नवे पंखे आहेत, रंगवलेल्या भिंती आहेत आणि बाहेर जिन्यावर मुले आहेत. मध्ये फक्त एक कुलूप आहे आणि कोणाच्या तरी हातून कापली जायची एक फीत!

निनादने त्या उत्तराचा कागद हातात धरून दुसरी चित्रफीत काढली. ती आठशे लोकांनीच पाहिली. पण आता अकराचे सव्वीसजण झाले आहेत, आणि येत्या सोमवारी ते नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकाला भेटायला जाणार आहेत. वहिनीही जाणार आहे. कुलूप अजून उघडलेले नाही. नानांना मी हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी या खेपेला पेपर खाली ठेवला आणि विचारले, "सोमवारी किती वाजता?"